सड्यावरचा झरा

सनद, बहारीन

चि. प्रणित,

झऱ्यावर पाण्याला आलेल्या काशीवहिनीचा तू फावड्याने हात मोडलास, तिचा हंडा कातळावर आपटलास, हे ऐकल्यापासून घास उतरत नाही रे. सड्याच्या त्या उघड्या कातळमाळावर दुसरं पाणी नाही; माझ्या बागेतल्या त्या झऱ्यावर अख्खी वाडी जगते. मी तुला कलमांची राखण दिली होती, झऱ्याची नाही. वर फोनवर म्हणतोस, "काका, परत आली तर डोकंच फोडीन!"

इथं समुद्राचं पाणी गोडं करावं लागतं, तरी लोक दाराबाहेर थंड पाण्याचा कूलर ठेवतात. कोणीही यावं, प्यावं.

माझी लीव्ह मंजूर झालीय. झरा वाडीच्या नावे करायला येतोय. तोवर हे पत्र माझ्याच खिशात राहील. तुला आधी कळलं, तर वहिनी जिवंत राहायची नाही.

अजूनही तुझाच,
दत्तूकाका