बाबांचा आवाज आणि दोन ड्रायव्हर

प्रिय धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. कागद मधेच कट करता येत नाही. आई बरी आहे. म्हणजे जेवते, कपडे बदलते, विचारलं तर उत्तर देते. भाड्याची खाट आणि श्वासाचं मशीन दुकानवाला घेऊन गेला, तेव्हापासून खोली उगाचच मोठी वाटते. तुझा लॅपटॉप मात्र खिडकीजवळच्या टेबलावर तसाच आहे. आई त्याला कुणाला हात लावू देत नाही.

तू जाताना दारात जे बोललास त्यावर मला भांडायचं नाही. त्या दिवशी कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. पण जे झालं ते तुला अर्धंच माहीत आहे, आणि अर्ध्यावरून तू निकाल देऊन मोकळा झालास. म्हणून पहिल्यापासून सांगते.

बाबांची जीभ जड व्हायला लागली, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आधी आवाज जाईल आणि मग एकेक स्नायू, तेव्हा तू सगळं सोडून आलास आणि त्यांना समोर बसवून वाक्यांवर वाक्यं वाचून घेतलीस. किती वैतागले होते. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून 'क्लच हळू सोडा' म्हणण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला तू निबंध वाचायला लावलेस. पण त्यातूनच तू त्यांचा आवाज लॅपटॉपमध्ये उतरवलास. पुढे ते पडद्यावरच्या अक्षरांकडे बघायचे, कॅमेरा नजर ओळखायचा, आणि लॅपटॉप त्यांच्या आवाजात बोलायचा. पहिल्यांदा त्याने आईला हाक मारली तेव्हा ती कणकेच्या हातांनी धावत आली होती.

लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड ज्याच्या जोरावर चालतं तो प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर, हे तू समजावलंस तेव्हा बाबांनी एकेक अक्षर वेचून म्हटलं होतं, "माझ्या शाळेत पाठव, शिकवतो." हसलो होतो सगळे. दोन ड्रायव्हर होते. एक कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा, कुलूपबंद, आत काय आहे ते कुणाला दिसत नाही. दुसरा जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, सगळ्यांना खुला. बाबांचा आवाज काढायला कार्डाची सगळी ताकद लागायची, आणि ती फक्त कंपनीच्या ड्रायव्हरवर मिळायची. पण कार्ड जुनं, कंपनीने त्याच्याकडे कधीच पाठ फिरवलेली. लॅपटॉप ज्यावर चालतो त्या लिनक्सचं अपडेट आलं की हा ड्रायव्हर रुसायचा आणि पडदा काळा व्हायचा. खुल्या ड्रायव्हरवर पडदा कधी दगा द्यायचा नाही. फक्त त्यावर बाबांचा आवाज निघायचा नाही. बँकेच्या फोनवर येतो तसला कुणाचा तरी सपाट आवाज यायचा.

ती दुपार तुला आठवते. अपडेट आपोआप बसलं होतं, लॅपटॉप बंद होऊन चालू झाला तो काळाच. बाबांच्या तोंडावरचा श्वासाच्या मशीनचा मास्क सरकला, आणि आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ती खाली आली तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते आणि डोळे त्या काळ्या पडद्यावर खिळलेले होते. मी कामावरून, लॅबमधून धावत आले, तू फोनवरून एकेक ओळ सांगितलीस, मी टाइप केली, आणि आपण खुला ड्रायव्हर घातला. आवाज नसला तरी चालेल, हाक पोचली पाहिजे, असं तू म्हणालास. मला शंभर टक्के पटलं होतं. आजही पटतं.

आईला नाही पटलं. तो आवाज सुरू झाला की ती खोलीतून उठून जायची. घरात परका पुरुष बसवलाय म्हणायची. बाबा तिला दिवसभर काहीबाही सांगायचे आणि ती भिंतीपलीकडे भांडी घासत राहायची. हे मी तुला सांगितलं नाही, कारण तू इतक्या लांबून काय करणार होतास?

मग डॉक्टरीणबाई आल्या. मास्क आता पुरणार नाही, गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागेल, मग मशीनवर वर्षं निघतील, काय ते ठरवा म्हणाल्या. बाबांनी बराच वेळ अक्षरं शोधली. लॅपटॉप म्हणाला, "नळी नको." आई म्हणाली, हे त्यांचं बोलणं नाही, मशीनचं आहे, नजर चुकून भलत्या अक्षरावर पडली असेल. बाबांनी पुन्हा तेच लिहिलं. आईनेही पुन्हा तेच म्हटलं, आणि नळीच्या संमतीवर सही करायला पेन मागितलं. तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं, "माझा आवाज लाव."

तू दारात विचारलंस ना, कुणाच्या अकलेने मी कंपनीचा ड्रायव्हर परत घातला? बाबांच्या. तू पूर्वी एकदा सांगितलं होतंस तसं जुनं लिनक्स निवडलं, अपडेटं बंद केली. आई खाटेच्या कडेला बसली. बाबा त्यांच्या आवाजात म्हणाले, "ऐकतेस ना? मीच आहे. नळी नको. दमलो मी." आईने त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली. मग "बरं" म्हणाली. तुला ते स्वतः सांगणार होते, तू आलास की. आम्हाला वाटलं, तेवढा अवधी आहे.

आणि बाबा गेले त्या सकाळी, तुला वाटतं तसा पडदा काळा झाला नव्हता, धाकट्या. चालू होता. श्वास तुटायला लागला तसा मी अँब्युलन्ससाठी फोन उचलला, तर ते म्हणाले, "राहू दे. बस इथे." मी बसले. आईने त्यांचा हात धरला होता. त्यांची हाक वाया गेली नाही. ती ऐकायला आम्ही दोघी तिथेच होतो.

आता हे का लिहितेय ते. तू तयार केलेला आवाज अजून तिथे आहे, आणि जे टाइप करू ते बोलतो. आई रोज मला टेबलाशी बसवते. 'जेवलीस का' लिही म्हणते, 'दार लावलंस का' लिही म्हणते. मी लिहिते, बाबा विचारतात, ती उत्तर देते. शेजारी जाणं तिने सोडलंय. खुला ड्रायव्हर घातला तर हे थांबेल, पण माझं बोट पुढे जात नाही, आणि तिला न विचारता ते करावं की नाही हेही मला कळत नाही. काल ती म्हणाली, 'धाकट्या, घरी ये' असं लिही, रेकॉर्ड कर आणि त्याला पाठव. त्यांच्या आवाजाला तो नाही म्हणणार नाही. मी ते वाक्य टाइप केलं होतं. मग पुसलं. बाबा जे बोलले नाहीत ते त्यांच्या तोंडी घालून मला तुला बोलवायचं नाही. म्हणून माझ्या अक्षरात लिहितेय. घरी ये. तिच्याशी आपण दोघं बोलू. मला एकटीला हे जमत नाहीये.

तुझीच,
ताई