शिडीची पायरी निसटली नव्हती

गुरुवार, ११ सप्टेंबर

ती. दादास,
नमस्कार. खांदा कसा आहे ते आधी कळव. ताईकडे बसून खायची सवय लागली नसेल, अशी आशा. इकडे मी ठीक. दवाखान्याची पाटी पुरी केली, स्टुलावर बसून. निळा रंग संपत आलाय.

सोमवारी येऊन शाळेची उंच भिंत रंगवायला घेऊ म्हणतोस. हे पत्र त्याआधी तुझ्या हातात पडायला हवं. दोनदा लिहून फाडलं.

मंगळवारी डॉक्टरबाईंकडे गेलो होतो. मी शिडीवरून पडल्याचं कळल्यावर, अंगात औषध किती आहे हे बघायला त्यांनी रक्त तपासायला दिलं होतं. कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "तू म्हणतोस, गोळ्या घेतो. रक्त म्हणतं, नाही. मी कुणाचं ऐकू?"

दादा, तू रोज सकाळी विचारायचास, फिटची गोळी घेतलीस का, आणि मी मान हलवायचो. रिकामी पाकिटं मुद्दाम तुला दिसतील अशी ठेवायचो. कामाच्या दिवशी मी गोळी घेत नव्हतो.

तिने हात थरथरतो. चपलांच्या दुकानाची पाटी करताना तू गिऱ्हाइकासमोर म्हणाला होतास, ही शिरोरेषा आहे की कपडे वाळत घालायची दोरी? सगळे हसले, मीही हसलो. तुझा दोष काढत नाही. पण दुसऱ्या दिवशी गोळी मोरीत टाकली. तिसऱ्या दिवसापासून रेषा सरळ येऊ लागली, मग तेच सुरू झालं. तू बाहेर असताना दोनदा फिट आली. बाईंना फिट सांगितली, बुडवलेल्या गोळ्या नाही सांगितल्या. त्यांनी माझ्या शब्दावर डोस वाढवला. रविवारी तेवढी घ्यायचो, तर चहाचा कप धरवेना. म्हणून रविवारचीही बुडवू लागलो.

त्या दिवशी पायरी निसटली नव्हती. मला वर फिट आली. शुद्धीवर आलो तेव्हा खाली शिडी धरून उभा असलेला तू माझ्याखाली डोळे मिटून कण्हत होतास, त्यामुळे माझं आखडणं तुला दिसलंच नसेल. पायरी निसटली वाटतं, असं तूच म्हणालास. मी नुसतं हो म्हटलं.

मग तू अंथरुणावरून शिडी बनवणाऱ्या सुतारकाकांना वाटेल ते सुनावलंस आणि मी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन गप्प उभा राहिलो. काल त्यांच्याकडे जाऊन खरं सांगितलं. रंधा न थांबवता म्हणाले, "मला काय सांगतोस? भावाला सांग."

बाई रागावल्या नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. म्हणाल्या, "हात थरथरतो हे तेव्हाच बोलला असतास, तर गोळी बदलून दिली असती. दुसऱ्या आहेत की." एवढंच होतं, दादा. एक वाक्य.

आता नवी गोळी सुरू केली आहे. लागू पडेल की नाही, हे लगेच कळत नाही. वर्षभर फिट आली नाही, तरच उंचावर चढायचं. तेव्हा शाळेच्या भिंतीसाठी दुसरा गडी बघ. मी खालचं काम करीन, तू ठेवलंस तर.

आणि गोळी घेतलीस का, असं विचारू नकोस. मी घेतली म्हणीन आणि तू पुन्हा विश्वास ठेवशील. समोर उभा राहून गिळायला लाव.

तुझा खांदा ज्याने मोडला तो,
धाकटा