वातीचं नख

प्रिय ठमे,

काचेला हात लावला तर ती कोमट होती. खांद्यावर पर्स तशीच, पायात चपला तशाच, आणि मी तू दिलेल्या मेणबत्तीचा ग्लास दोन्ही हातांत धरून उभी. दुपारचे अडीच. डोकं दुखत होतं म्हणून दुकान सहायकावर टाकून आले होते. घरात कुणी नव्हतं. संत्र्याच्या सालीचा आणि लवंगेचा वास मात्र भरून राहिला होता. ग्लासावर झाकण होतं. खिडकीचा पडदा वर गाठ मारून ठेवलेला. मी झाकण काढलं. मेण अजून पुरतं घट्ट झालं नव्हतं, आणि वात कापलेली होती.

ही तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून मी तुझे फोन उचलत नाही.

वाढदिवसाला तू स्वतः केलेली मेणबत्ती दिलीस, सोबत तुझ्या अक्षरातलं कार्ड. पहिल्यांदा लावशील तेव्हा मेण काठापर्यंत वितळू दे, नाहीतर मधे विहीर पडते. चार तासांवर जाळू नकोस. पंखा, पडदा, मांजर लांब. फुंकर मारू नकोस, झाकण ठेव. तळाशी बोटभर मेण उरलं की ती संपली असं समज. आणि शेवटी, दोनदा अधोरेखित : दर वेळी नख काढ. मी हसले होते. मेणबत्त्यांच्या कारखान्यातून कामावरून आल्यावरही आईचा हा शब्द सुटायचा नाही. वात करंगळीच्या नखाएवढी ठेवायची, वर वाढलेलं काळं टोक म्हणजे वातीचं नख, आणि ते काढलं नाही तर ज्योत उंच होते, काच काळी पडते, कधी तडकतेसुद्धा. हा शब्द जगात आपण दोघीच वापरतो, असं मी धरून चालले होते.

म्हणून कापलेली वात बघून पहिलं नाव तुझंच आलं. आमच्या घराची तिसरी किल्ली तुझ्याकडे. तुझे भावजी आधी तुझ्या ओळखीचे. तूच त्यांना आपल्या घरी आणलंस. अजूनही तुम्ही दोघं एकत्र आलात की मला न कळणाऱ्या गोष्टींवर हसता. आणि यांचं ऑफिस दहा मिनिटांवर, जेवायला हे रोज घरी येतात. मी संध्याकाळी सातशिवाय येत नाही. औषधाच्या दुकानात बसून दुसरं काही नाही तरी मोजायची सवय लागते. मी ग्लासावर पेनानं मेणाच्या पातळीची बारीक रेघ मारली. दुसऱ्या दिवशी मेण रेघेखाली. पुन्हा रेघ, पुन्हा खाली. शनिवार-रविवार, मी घरी असताना, रेघ जागच्या जागी. घरातली कात्री मी मुद्दाम पर्समध्ये घालून नेली. तरी वात कापलेली. म्हणजे कापणाऱ्यानं आपलं हत्यार बरोबर आणलं होतं. तुझ्या पर्समध्ये छोटी कात्री असते, हे मला ठाऊक आहे.

विचारलं मात्र काही नाही. मी तुझ्याकडून किल्ली मागून घेतली, कुलूप बदलतोय म्हणून. तू दारातच म्हणालीस, ताई, माझं काही चुकलं का गं? मी म्हटलं, छे, तुझं काय चुकायचंय, कामाचा डोंगर आहे नुसता. तू जिना उतरताना मी बघत होते. काय बघत होते, कोण जाणे. चेहरा, चाल, काहीही.

एकदा का संशय घेतला की सगळं त्यातच बसतं. मागच्या आठवड्यात गॅसवर दूध उतू गेलं, करपलं, जळका वास माझ्या नाकात जिन्यातच शिरला. हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. मी म्हटलं, नाक आहे की नाही तुम्हाला? हे पेपर टाकून गॅस बंद करायला धावले. मला वाटलं, लक्ष दुसरीकडे आहे. कुठे, तेही मला माहीत होतं.

आज मी एक वाजताच घरी आले. किल्ली आवाज न करता फिरवली. टेबलावर मेणबत्ती, अजून न पेटवलेली. हे एकटेच, चष्मा कपाळावर सरकवून, माझ्या नेलकटरनं वात कापत होते. मला बघून दचकले. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, तुम्हीच दोघी म्हणता ना, नख काढायचं.

मला हसू आलं नाही. त्यांनी वात पेटवली, खुर्ची पुढे ओढली, आणि म्हणाले, याला वास कसला येतो गं? सांग ना मला.

दोन महिन्यांपूर्वी ताप आला होता, तेव्हापासून त्यांना वास येत नाही. कशाचाच. चहा चाखून दर्जा ठरवणारा माणूस, ठमे. रंग बघून आणि जुन्या अंदाजानं वेळ मारून नेतायत, ऑफिसात सांगितलेलं नाही. कुठेतरी वाचलं, की एकच वास रोज थोडा वेळ मन लावून घेतला तर नाक कधीकधी परत येतं. म्हणून रोज जेवणाच्या सुट्टीत ज्योतीसमोर डोळे मिटून बसायचं. जाताना झाकण ठेवायचं, पडद्याची गाठ सोडायला विसरायचं. घरभर वास मागे राहतो, हे त्यांना कळणार तरी कसं? लपवणाऱ्यानं आधी खिडकी उघडली असती. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

पत्र लिहिते आहे, कारण हे सगळं मला तुझ्या तोंडावर सांगता येणार नाही. तुला यातलं काही कळलंच नसतं. पण तू जिन्यावरून उतरलीस ती आपलं काहीतरी चुकलं असं समजून, आणि ते काय हे तू अजून शोधत असशील. तुझं काही चुकलं नव्हतं. मी तुझ्यावर आणि त्यांच्यावर संशय घेतला. त्यांना अजून सांगितलेलं नाही, आधी तुला. पाकिटात किल्ली आहे. कुलूप बदललेलंच नाही. आणि मेण आता बोटभर उरलंय, तुझ्या कार्डाप्रमाणे ती संपली. दुसरी करशील का? त्याच वासाची.

तू म्हणू देशील तर, तुझीच,
ताई

सकाळी : पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात तुझा फोन आला. मी उचलला. तू विचारलंस, मेणबत्ती कशी चाललीय? मी म्हटलं, संपली. यातलं काही बोलले नाही. पाकीट हेच ऑफिसला जाताना टपालपेटीत टाकतील. काय लिहिलंय, त्यांनी विचारलं नाही.