तीस वह्या आणि एक रद्दीत गेलेली

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त शिवणशिक्षिका, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी परवाच तपासली. कोणाची जबरदस्ती नाही. ती माझ्या सासूबाईंनाही जमली नव्हती.

१. राहते घर व बँकेतली ठेव माझ्या मुलीला. नदी राखणाऱ्या मंडळाला वह्या ठेवायला जागा मिळेपर्यंत जिन्याखालची खोली तिने भाड्याने देऊ नये. तिथे तिच्या बाबांच्या वह्या आहेत.

२. ह्यांच्या गळाच्या चारही काठ्या ह्यांचे मित्र न्हावीबुवा यांना. सोडताना माशाचा जबडा फाटू नये म्हणून ह्यांनी प्रत्येक गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केला आहे. ते गळ बदलू नयेत. "अहो, एखादा तरी मासा घरी आणा," म्हणून मी थकले. "सगळ्यांनीच आणले तर नदीत काय उरेल?" हे ह्यांचे ठरलेले उत्तर.

३. माझा धाकटा भाऊ नदीकाठच्या रंगाच्या कारखान्यात मॅनेजर आहे. त्याला काहीही नाही. हे जाऊन महिना झाला नव्हता, तेवढ्यात म्हणाला, "ताई, ती रद्दी देऊन टाक माझ्याकडे, जागा तरी मोकळी होईल." त्याच्यावर माझी माया आहे, पण वह्या त्याच्या हाती लागू नयेत.

४. आता वह्यांबद्दल. पाणी किती नितळ राहिले ते कळावे म्हणून दर रविवारी हे दोरीला बांधलेली पांढरी ताटली नदीत सोडत आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते लिहीत. एकतीस वर्षांच्या एकतीस वह्या. आहेत तीस. अठरावी मी रद्दीत घातली. लेकीच्या वाढदिवशीही हे नदीवर गेले, म्हणून माझे डोके फिरले होते. पुढे कारखान्याविरुद्धच्या सुनावणीत नेमके तेच वर्ष मागितले आणि तक्रार बारगळली. "माझाच वेंधळेपणा," म्हणत हे शेवटपर्यंत माळ्यावर ती वही शोधत राहिले. मी खाली शिडी धरून उभी असे. तोंड उघडले नाही. ह्याची मला लाज वाटते.

५. चार वर्षे झाली, ताटली मी सोडते. गुडघे कुरकुरतात, पण एक रविवार चुकवलेला नाही. ह्यांच्या तीस आणि माझ्या चार वह्या ह्यांनीच उभ्या केलेल्या त्या मंडळाला द्याव्यात. अठरावी का नाही, ते पहिल्या पानावर स्पष्ट लिहावे. दोष माझा, ह्यांचा नव्हे.

६. मी रविवारी गेले, तर कोणीतरी आधी नदीवर जाऊन ताटली सोडावी, आकडा वहीत लिहावा, मग मला उचलावे. घाई करू नये. रविवारी वाट बघायची मला सवय आहे.

वरील मजकूर माझा, खाडाखोड नाही. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यासमोर सह्या केल्या.

मृत्युपत्र करणारी: (सही)
साक्षीदार: १. आमचे डॉक्टर (सही)
२. शेजारच्या पोस्टमास्तरीणबाई (सही)
स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ९ नोव्हेंबर, रविवार, नदीवरून आल्यावर