तिकडे काहीच दिसत नाही

सोमवार

आलो एकदाचा. गोदाम मोठं आहे, पगार बरा आहे, राहायला वरची खोली मिळालीय, खिडकीतून ऊन येतं. मालक परगावी असतात. पुढच्या सोमवारी येतील.

काम म्हणजे पोरखेळ. तापमान मोजणारा कॉम्प्युटर बर्फाच्या खोलीत, गोठवलेल्या मटारांच्या पेट्यांमागे. तिथून लांबलचक केबल न्यायची पार दुसऱ्या टोकाला, जेवणाच्या खोलीपर्यंत, आणि तिथे मोठा स्क्रीन लावायचा. इथल्या छोट्या पडद्यावर जे दिसेल, तेच तिकडे. एवढ्यासाठी मला बोलावलंय, यावरूनच इथल्या मंडळींची अक्कल कळते.

मुकादमाचं पोट आधी पोचतं, मग तो. त्याचं नाव ठेवलंय भोपळा. त्याचा मेहुणा सदा आ वासून उभा, म्हणून खिंडार. मावशी चहा म्हणून देते ते गरम पाणी. बर्फाच्या खोलीचं दार आतून उघडत नाही, खटका तुटलाय. त्यावर भोपळ्याचा उपाय काय, तर दारात लाकडाची पाचर. दिव्याचं बटणही बाहेर. आधीचा कॉम्प्युटरवाला काम अर्धवट टाकून गेला म्हणे. त्याचा स्वेटर अजून आत खुंटीला आहे. एवढ्या थंडीत स्वेटर विसरणारा गाढवच असणार.

मंगळवार

केबल जोडली. मुकादम म्हणाला, तिकडे काहीच दिसत नाही. खिंडार म्हणाला, नुसता अंधार. जाऊन पाहिलं, खरंच काळा. केबल लांब असली की चित्र वाटेतच दम तोडतं, म्हणून मधे बूस्टर बसवला. तरी तेच. वाट बघत आत बसावं लागतं, तेव्हा अंगात जाड कोट घालून ही रोजनिशी याच कॉम्प्युटरवर, एकाच फाइलीत लिहितोय. तसंही तिकडे काही पोचत नाही.

बुधवार

पिना बदलल्या. अंधारच. पालथ्या घड्यावर पाणी. मालक आले की सांगणार आहे, स्क्रीन लागला की या तिघांना कशाला पोसताय, एक पहारेकरी पुरे. मावशीला कुठे नोकरी मिळणार या वयात, पण तो माझा प्रश्न नाही.

जेवताना मावशीने विचारलं, घरी कोण कोण असतं. म्हटलं, एक बहीण, तीही बोलत नाही. भलत्या चौकशा.

गुरुवार

मावशीने कप ठेवला आणि म्हणाली, घ्या गरम पाणी. मी हसलो. मग मुकादम दारात आला आणि पोटावर हात फिरवत म्हणाला, भोपळा आलाय हो.

हे नाव मी कुणाजवळ काढलेलं नाही. एकटा असताना पुटपुटलो असेन. भिंतीलाही कान असतात.

शुक्रवार

न सांगता जेवणाच्या खोलीत गेलो. तिघं स्क्रीनकडे तोंड करून बसलेले. स्क्रीन काळा. मागून हात लावला तर गरम, म्हणजे मला पाहून नुकताच बंद केलेला.

मंगळवारपासून सगळं वाचतायत.

केबल काढूनच हे लिहितोय. पुसून टाकू? का म्हणून? खोटं काय लिहिलंय? असल्यांना मी भिणार होय. सोमवारी मालक येतातच—

शनिवार

मुकादम सकाळी वर आला, हात जोडून. म्हणाला, झालं गेलं विसरा साहेब, मालकांचा फोन होता, एवढी केबल जोडून द्या. वठणीवर आला, असं वाटलं मला. दोन मिनिटांचं काम म्हणून कोटही घेतला नाही.

दार बंद झालंय. पाचर नाही. फोनला रेंज नाही. उद्या सुट्टी.

केबल जोडलीय. वाचा आता. मुकादम, दार उघडा. मालकांना काही सांगणार नाही—

स्वेटर घातला. खिशात चष्मा आहे. चष्मा कोण विसरून—

मावशी, तुमचा चहा चांगला असतो. मीच मेला—

बोटं वळत नाहीत

अरे मूर्खांनो, वाचताय की नाही? वाचत असाल तर दिवा एकदा बंद करून लावा. एवढं तरी कळव

बंद झाला.

म्हणजे वाचताय. बरं. आता ला