दसऱ्याला ओवाळलेली एसटी

बा, आपल्या घरात मोटार आली. पांढरी, चार दारांची, आत बसलं की थंडी वाजते. माझ्या नातवाची आहे. तू गेलास तेव्हा नातू काय, त्याचा बापसुद्धा जन्माला आला नव्हता, म्हणून आधी त्याचं सांगते. तो खालापूरच्या बाजूला एका गोदामात कामाला आहे आणि सुटीच्या दिवशी फोनवर गाड्यांचे व्हिडिओ करतो. व्हिडिओ म्हणजे सिनेमाच, पण एवढासा, चहाला उकळी फुटेपर्यंत संपतो. स्वतःची गाडी नव्हती तेव्हा दुसऱ्यांच्या गाड्यांचे करायचा. कडावच्या रस्त्याने मुंबईचे लोक फार्महाऊसवर येतात, त्यांच्या. एकदा त्याचं ताट निवत होतं आणि हा फोनला चिकटलेला. मी विचारलं, "ह्याचा पगार कोन देतं रं?"

"पगार नाय गं आजी. लोक बघतात."

"आनि गाडीची कंपनी काय देते?"

"ती कशाला देईल?"

"जाहिरात तिची, राबतोस तू, आनि ओव्हरटाइमबी नाय?"

त्याची बहीण, माझी नात, कर्जतला कॉलेजात जाते. ती म्हणाली, "दादा, आजी आता तुझ्या फोनची युनियन काढनार." सगळे हसले, मीही हसले. पण बा, ते बोलणं माझं नव्हतं, तुझं होतं. चौथीत माझी शाळा सुटली, पुढचं जे काही शिकले ते तुझ्या तोंडून, भाकरी थापता थापता.

तुला तो दसरा आठवतो का? खोपोलीच्या कारखान्यात त्या दिवशी बायकापोरांना आत सोडायचे. सगळ्या मशिनींना झेंडूच्या माळा, हळदकुंकू, आणि आम्हाला हातावर पेढा. तू मला तुझी जागा दाखवलीस. मोटारीच्या चाकाच्या मधोमध जो लोखंडी गोल असतो तो तुम्ही तिथे ओतायचात. बाहेर आलो तर मोठ्या साहेबाची काळी मोटार उभी. मी धावत जाते आणि चाकावर हात ठेवते. वॉचमन ओरडतो, "ए पोरी, हात काढ." मी रडकुंडीला आलेली. तू सावकाश येतोस, विडी विझवतोस आणि त्याला म्हणतोस, "तिनं चाकाला हात लावलाय. चाक आमी केलंय. बाकीच्या मोटारीला लावला असता तर मीच वराडलो असतो." वॉचमन तुमच्याच युनियनचा निघाला, त्याने तोंड फिरवलं. मग आपण दोघं घरी चालत आलो. तू जन्मभर मोटारीचे तुकडे केलेस, बसलास मात्र कधीच नाहीस.

तर ह्या दसऱ्याचं सांगायचं राहिलं. आमच्या गावात पूर्वी दसऱ्याला एसटी पहिली ओवाळायचे. गाव लहान, बैलगाडीशिवाय दुसरं वाहन नव्हतं, तेव्हा बस म्हणजे सगळ्यांचीच. चालकाला टोपी, वाहकाला नारळ. पुढे घरोघरी मोटारसायकली आल्या, जो तो आपापलं वाहन धुवायला लागला आणि एसटी बिनमाळेची फिरायला लागली. मग ती रिकामी फिरते म्हणून गेल्या पावसात संध्याकाळची फेरी बंद केली. नात कॉलेजातून यायची ती त्याच फेरीने. आता टमटम भरेपर्यंत नाक्यावर उभी राहते, घरी येईतो अंधार. तिचा बाप म्हणायला लागला, एवढी दगदग कशाला, कॉलेज सोड. माझ्या जिवाला लागलं होतं ते. शाळा सुटते कशी, ते मला ठाऊक आहे.

दसऱ्याला सकाळी नातवाने नवी गाडी नेऊन ठेवली शाळेसमोरच्या मोकळ्या जागेत, कारण तिथे मागे डोंगर छान दिसतो. वर लाल कापड घातलं, फोन काठीला लावून चालू केला. मी ताट घेऊन तयार. म्हणाला, कापड ओढलं की हसायचं आजी. तेवढ्यात सकाळची एसटी आली. ती वळते नेमकी त्याच जागेत. चालकाने भोंगा दिला, मान बाहेर काढली.

"आजी, वळायला जागा नसंल तर उद्यापासनं मी फाट्यावरनंच फिरनार. मग ही फेरीबी गेली समजा."

त्याचं खोटं नव्हतं. मी बसकडे बघितलं. दसऱ्याचा दिवस आणि तिच्या कपाळावर धूळ. पाय आपोआप तिकडे वळले. कुंकू लावलं, ओवाळलं आणि तिच्या चाकापुढे नारळ फोडला.

नातू धावत आला. "आजी, तो नारळ गाडीचा होता."

"मग ही काय होडी हाय?"

"माझ्या गाडीचा गं."

"ही माझी हाय. तुझी बाजूला घे, तिला वळू दे."

घेतली बिचाऱ्याने, लाल कापडासकट. फोन तसाच चालू होता. त्याच्या जागी दुसरा असता तर पुसून टाकला असता, ह्याने तो व्हिडिओ सगळीकडे धाडला. खाली लोक लिहितात, ते नातीने वाचून दाखवलं. कुणी पाया पडलं. एकाने लिहिलं, म्हातारीला प्रगती बघवत नाही. दुसऱ्याने, गाडीवाले कर भरतात, रस्ता त्यांचा. बा, हा रस्ता रुंद केला तेव्हा आमचे बांध त्यात गेले, आणि आता मला कडेने चालायला हातभर जागा नाही. माझा राग नातवावर नाही. त्याची पाळी सुटते तेव्हा बस नसते म्हणून त्याने गाडी घेतली. त्याने घेतली म्हणून बसमधला एक माणूस कमी झाला. असं एकेक माणूस उतरवतात आणि मग म्हणतात, बसायला कोण आहे?

तर संध्याकाळची फेरी परत मागायला आम्ही चार बाया कर्जतच्या डेपोत गेलो. दुपारी बस नाही, तेव्हा नातवाच्या गाडीनेच. तिथला साहेब बघतच राहिला. "तुम्ही त्या नारळवाल्या आजी ना? या, एक फोटो काढू."

"काढू की. संध्याकाळच्या बसमधी बसते, मग काढा."

"ती बंद आहे, आजी."

"मग फोटोबी बंद."

बाया पदरात तोंड घालून हसल्या. साहेबही हसला, आत गेला, कुणाकुणाशी बोलला. बाहेर येऊन म्हणाला, आजपासून आठवडाभर सोडून बघतो, माणसं बसली तर ठेवतो. मला इतका आनंद झाला बा, तू असतास तर गेटवर भाषण ठोकलं असतंस. कॉलेज सुटून नात आली, मैत्रिणींना घेऊन बसमध्ये चढली. मी पुढच्या बाकावर बसले, साहेबाने फोटो काढला. बायांनी तिथेच ठरवलं, आठवडाभर पाळ्या लावायच्या, कारखान्यासारख्या, बस एक दिवस रिकामी जाऊ द्यायची नाही. पहिली पाळी आपल्या चौघींची, असं मीच मोठ्याने म्हटलं.

मग खिडकीतून नातू दिसला, गाडीपाशी उभा. बायांना म्हटलं, पोराला एकट्याला कसं पाठवू, आणि उतरले. बसमध्ये मला ह्या वयात तिकीटही लागत नाही. दहिवलीपर्यंत एसटी आमच्या पुढे होती, नंतर नातवाने तिला मागे टाकलं. बाया हात करत होत्या, मी काचेआडून केला. हा कागद काही कुठे धाडायचा नाही, तेव्हा लिहून टाकते. पोराचं निमित्त होतं, बा. मला मोटारीच्या त्या पुढच्या सीटवर बसून घरी यायचं होतं.