‘थोडेफार येते’ या शब्दांवर अडकलेली पदवी

महानगर, लखनौ
दिनांक : १० जून १९९६

प्रति,
मा. उपकुलसचिव (क्षमता पडताळणी विभाग),
लोकगती मुक्त विद्यापीठ,
अमरावती.

विषय : रकाना क्रमांक ७ मध्ये नम्रपणा झाल्यामुळे थांबलेली माझी बी.ए. पदवी ३० जूनपूर्वी मिळणेबाबत. तसेच माझ्या परीक्षकांना माझे विद्यार्थी करण्यात आले आहे, ते रद्द होणेबाबत.

संदर्भ : (अ) आपली तीन पत्रे, तिन्ही बिनशिक्क्याची.
(ब) आपले चौथे पत्र, ज्याला काय म्हणावे हे अद्याप समजलेले नाही.

महोदय,

मी, सौ. माणिक चंद्रहास खांबेटे, मूळची वर्ध्याची, यजमानांच्या बँकेतील बदल्यांमुळे सध्या लखनौकर, आपल्या ‘स्वगती पदवी योजने’ची विद्यार्थिनी असून सविनय कळविते की,

१. लग्न ठरले तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पदवीचे नंतर बघू, असे तेव्हा सर्वांनी म्हटले आणि नंतर कोणीही बघितले नाही. येथे निशातगंजमधील एका लहान शाळेत मी दुसरीच्या वर्गाला शिकविते. येत्या सत्रापासून पदवीधर नसलेल्या शिक्षिकांना ठेवता येणार नाही, असा नियम शाळेला लागू झाला आहे. शाळेचे प्रबंधक सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, सरबत पाजले आणि मग म्हणाले, “माणिक दीदी, तीस जून तक डिग्री ले आइए, वरना हमारे हाथ बँधे हैं.” जुलैमध्ये शाळा उघडेल तेव्हा माझा वर्ग माझा राहणार की नाही, हे सर्वस्वी आपल्या शिक्क्यावर अवलंबून आहे.

२. आपली योजना मला फार आवडली होती व अजूनही, रागावून का होईना, आवडते. वर्ग नाही, वेळापत्रक नाही, वार्षिक परीक्षा नाही. विद्यार्थ्याने आपापल्या गतीने शिकावे, विषय आला असे वाटले की फॉर्म भरावा, पुरावे जोडावेत आणि विद्यापीठाने तपासून ‘सक्षम’ असा शिक्का मारावा. सगळे शिक्के जमले की पदवी. माझी गती उत्तम होती. बालमानसशास्त्र मी कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचले आणि डाळ एकदाही लागू दिली नाही. माझी कन्या शर्वरी येथील कॉलेजात रीतसर बी.ए. करीत आहे. तीसुद्धा परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या टिपणांवर डोळा ठेवून असते. माझे सर्व स्वाध्याय आपल्याच विभागाने ‘समाधानकारक’ म्हणून परत पाठविलेले आहेत. माझे घोडे अडले ते फक्त फॉर्मच्या रकाना क्रमांक ७ पाशी.

३. सदर रकान्यात असे विचारले आहे की, ‘हा विषय आपणांस येतो काय? स्वतःच्या शब्दांत लिहा.’ प्राथमिक अध्यापन या विषयाला मी लिहिले, ‘थोडेफार येते.’ दुसऱ्या विषयाला ‘जमेल तसे’ व तिसऱ्याला ‘कामापुरते’ असे लिहिले. महोदय, आपणही मराठी घरात वाढलेले असणार. ‘मला उत्तम येते’ असे आपल्या तोंडाने म्हणणाऱ्या माणसाकडे आपल्या घरांत कोणत्या नजरेने बघतात, हे मी आपणांस सांगायला नको. माझी आत्या आकाशवाणीवर गात असे. तिला कोणी विचारले तर ती सांगे की, स्वयंपाक करताना गुणगुणते थोडेसे. या वळणात वाढलेल्या बाईने रकान्यात आणखी काय लिहावे? परंतु आपले पहिले पत्र आले की, ‘उमेदवाराने स्वतःच अपुऱ्या क्षमतेची कबुली दिली असल्याने शिक्का नाकारण्यात येत आहे. आपल्या गतीने आणखी अभ्यास करावा.’

४. मी फॉर्म नव्याने मागविला. ‘मला उत्तम येते’ हे तीन शब्द लिहावयास बसले, पण पेन पुढे सरकेना. म्हणून यजमानांना विनंती केली की, तुम्ही लिहा, मी सही करते. माझे यजमान श्री. चंद्रहास बँकेत अधिकारी असून अत्यंत मोजूनमापून बोलणारे आहेत. जेवण अतिशय आवडले तर ते ‘खाण्यासारखे झाले आहे’ असे म्हणतात, तेही ताट उचलताना. त्यांनी बराच विचार करून रकान्यात ‘ठीक’ असा शब्द लिहिला. आमच्या घरात याच्या वरची पायरी नाही, हे मी जाणते, पण विद्यापीठाने कसे जाणावे? दुसरे पत्र आले : ‘ठीक म्हणजे किती, याचा खुलासा करावा.’

५. तिसऱ्या वेळी शर्वरीने फॉर्म हातातून ओढून घेतला. ती घरात मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. “मम्मी, आप भी ना! लिख दीजिए, एकदम फर्स्ट क्लास आता है,” असे म्हणून तिने तसे लिहिलेही. मला राहवले नाही. मी पुढे कंस करून ‘हे मुलीचे मत आहे’ अशी नोंद केली. त्यावर आपले तिसरे पत्र आले की, नातेवाइकांची मते ग्राह्य नाहीत, सबब प्रत्यक्ष पडताळणीसाठी एक तज्ज्ञ पाठविण्यात येईल.

६. तज्ज्ञ म्हणून येथील निवृत्त प्राध्यापक रिझवीसाहेब माझे शिकविणे बघायला शाळेत आले. त्यांनी आयुष्यभर कॉलेजात फारसी शिकविली आहे. आपण कोणाची निवड केलीत, याची आपल्या विभागास कल्पना नसावी. लखनौमध्ये सभ्य मनुष्य स्वतःला ‘मी’ म्हणायलासुद्धा संकोचतो. मी आत्तापर्यंत समजत होते की, स्वतःला कमी लेखण्यात आपल्यासारखे आपणच. तो गैरसमज त्यांनी दाराशीच दूर केला.

त्या दिवशी वर्गात हातच्याची वजाबाकी होती. मी मुलांना सांगते की, एककाच्या घरी साखर संपली की शेजारच्या दशकाच्या घरी वाटी घेऊन जायचे. दशककाकू चांगल्या मनाच्या, त्या नेहमी दहाच देतात. एक मुलगी उठून म्हणाली, “दीदी, फिर दशक चाची के यहाँ तो कम हो जाएगी!” मी म्हटले, बस, हेच तर सगळे गणित आहे. मागे बघते तर रिझवीसाहेब पहिल्या बाकावर गुडघे दुमडून बसलेले, हातात पाटी, आणि एका मुलाकडून पेन्सिल मागून घेत होते. तास संपल्यावर ते म्हणाले, “बेटी, साठ बरस में किसी ने नहीं बताया था कि उधार किसके घर से आता है.” माझे डोळे भरून आले. अर्थात मी तोंडाने ‘कसले काय सर, आपले काहीतरी’ असेच म्हटले.

७. यानंतर त्यांनी जो अहवाल भरला, त्यात ‘पडताळणीकाराची पात्रता’ या ठिकाणी त्यांनी सवयीने लिहिले, “हम किस क़ाबिल हैं.” आणि शेऱ्यात लिहिले, “मोहतरमा के शागिर्द हो सकें तो ख़ुशनसीबी समझेंगे.” येथे याचा अर्थ ‘शिक्षिका फार चांगली आहे, पास करा’ एवढाच होतो. आपल्या विभागाने मात्र शब्दशः अर्थ धरला. आपल्या चौथ्या पत्रान्वये (क) पडताळणीकार स्वतःच पात्र नसल्याचे लिहून देत असल्याने पडताळणी रद्द झाली. (ख) त्यांच्या इच्छेनुसार त्यांना बी.ए. प्रथम वर्षात प्रवेश देण्यात आला; आणि (ग) त्यांची मार्गदर्शक व पडताळणीकार म्हणून माझी नेमणूक झाली.

८. आलेला सन्मान नाकारणे रिझवीसाहेबांच्या रीतीत बसत नाही. त्यांनी प्रवेश घेतला. दर रविवारी ते शीरमाल, म्हणजे येथील केशरी गोड रोटी, घेऊन आमच्याकडे येतात व वजाबाक्या करून आणतात. सर्व बरोबर असतात. यजमान त्यांना चहा देतात आणि दोघेही ‘आधी तुम्ही घ्या’ करीत चहा गार करतात. पहिल्या शिक्क्यासाठी त्यांनी फारसी हा विषय घेतला असून रकाना क्रमांक ७ मध्ये “इस नाचीज़ को क्या आता है” असे लिहिले आहे, म्हणजे तेही आता अडकले. त्यांची पडताळणी मी करावयाची आहे. मला फारसीचे एक अक्षरही येत नाही. (हे नम्रपणाने लिहिलेले नाही, खरेच येत नाही.) शिवाय पडताळणीकार पदवीधर असावा, अशी आपलीच अट आहे. थोडक्यात, पीएच.डी. झालेले गृहस्थ बी.ए. होण्यासाठी माझ्या पदवीची वाट बघत आहेत, आणि माझी पदवी त्यांच्या सभ्यतेमुळे रद्द झाली आहे. शर्वरी दोन रविवार नुसती हसते आहे.

९. मलाही आधी हसू आले, महोदय. पण परवा शाळेत कपाट आवरताना मुलांच्या पाट्या एकावर एक रचल्या आणि वाटले की, जुलैमध्ये त्या दुसरेच कोणीतरी मुलांना वाटून देईल. दशककाकू कोण, हे त्या नव्या बाईंना मुले विचारतील आणि त्यांना सांगता येणार नाही. तेव्हा मात्र मला हसू आले नाही.

सबब विनंती अशी की, रिझवीसाहेबांचा अहवाल लखनौच्या चालीने वाचून तो मंजूर करावा व त्यांना विद्यार्थिदशेतून सन्मानाने मुक्त करावे. रविवारी येण्यास त्यांची हरकत नाही. तसेच रकाना क्रमांक ७ चे माझे उत्तर पुढीलप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे. हे मी कोणाकडूनही लिहवून घेतलेले नाही :

मला शिकविता येते. उत्तम येते. मुलांना कुठे अडते ते मला त्यांच्या आधी कळते, आणि माझ्या वर्गातून हातचा न समजता एकही मूल तिसरीत गेलेले नाही. हे माझे मत आहे, मुलीचे नाही.

लिहिताना कान तापले, पण लिहिले. कृपया यावर ३० जूनपूर्वी शिक्का मारावा.

एरवी नम्रच, परंतु रकाना क्रमांक ७ पुरती नव्हे, अशी आपली विद्यार्थिनी,

(सही)
सौ. माणिक चंद्रहास खांबेटे

सोबत :
१. आपली चारही पत्रे.
२. रिझवीसाहेबांचे पत्र. (आपण सक्षम पडताळणीकार आहोत, असे त्यांनी अखेर लिहून दिले आहे. त्याखाली सहा ओळी माफी मागितली आहे, ती वाचू नये.)
३. यजमानांचे एका ओळीचे प्रमाणपत्र. आपण नातेवाइकांचे मत धरत नाही, हे माहीत आहे, तरी जोडत आहे. त्यात ‘ठीक शिकविते’ यातील ‘ठीक’ खोडून वर ‘फारच सुंदर’ असे लिहिले आहे. खाडाखोड केलेल्या जागी त्यांनी बँकेच्या सवयीप्रमाणे पूर्ण सही केली आहे.